जंगलातला डबा आणि माझा नारळ

दोन हजार आठ साल. मला त्रेसष्टावं लागलं होतं, आणि आपण कधी कुणाच्या पोटावर पाय दिला नाही असं मी चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगत असे. त्या सालानंतर सांगायचं सोडलं.

शाळा माझी चौथीपर्यंत. नंदाखालला नारळ-केळीची वाडी, तिथंच जन्म गेला. लिहायचा हात नाही. लेक म्हणाली, तुम्ही सांगा, मी टाईप करते. मी नको म्हटलं. ती बापाची बाजू सांभाळून लिहील, आणि ह्या गोष्टीत बापाला बाजूच नाही.

तर ही लेक. धाकटी. मुंबईत कॉम्प्युटरच्या कंपनीत, राहायला वसईला फ्लॅटमध्ये. कंपनीनं तिला वर्षभर परदेशी धाडलं होतं, तिथून ती एक खेळ शिकून आली. जिओकॅशिंग. एक डबा घ्यायचा, त्यात वही-पेन्सिल घालायची, कुठंतरी डोंगरात-रानात लपवायचा आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. मग कोण कुठले लोक हातात मोबाइलएवढं यंत्र घेऊन येतात. ते यंत्र आकाशातल्या उपग्रहावरून वाट दाखवतं. डबा सापडला की वहीत नाव लिहायचं आणि होता तसा ठेवून परत जायचं.

"आणि मिळतं काय?" मी विचारलं.

"डबा मिळतो."

"तो तर परत ठेवायचा."

"हो."

"लपवायचा आणि मग जगाला पत्ता सांगायचा. लपवला कशाला मग?"

"बाबा, तुम्ही कॅरम खेळता. सोंगट्या भोकात घालता आणि परत काढता. कशाला?"

ह्यावर बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिला डबा ठेवायचा होता कामणच्या वरच्या जंगलात. तिथं चढून गेलं की एक मोठा खडक आहे, त्यावरून खाली गोडाऊनचे पत्रे आणि पलीकडे पार खाडीपर्यंत दिसतं. पण ते राखीव जंगल. तिचे खेळातले मित्र म्हणाले, कोण विचारतंय, ठेवून टाक. ती ऐकेना. जागा सगळ्यांची आहे, सांभाळायला वनखात्याकडे दिली आहे, तर विचारल्याशिवाय ठेवायचं नाही, आणि लेखीच हवं. हा हट्ट तिनं माझ्याकडूनच घेतला. तिला शनिवार-रविवार सोडून सुट्टी नव्हती. मी म्हटलं, सरकारी ऑफिसातलं काम तुम्हा पोरांचं नव्हे. मी आणतो तुझी परवानगी.

नंदाखालहून एक एसटी, स्टेशनावर पूल ओलांडून पलीकडे दुसरी. पहिल्या खेपेला वनखात्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"डब्यात काय म्हणालात?"

"वही. आणि पेन्सिल."

"काका, जंगलात वही कोण लिहिणार? माकडं?"

दुसऱ्या खेपेला ते हसले नाहीत. दिवस असे होते की स्टेशनात कुणाची पिशवी पडलेली दिसली तरी माणसं लांबून जात. "उद्या कुणाला बेवारस डबा दिसला, पोलीस बोलावले, तर पहिला मला धरतील," ते म्हणाले. मी घरी येऊन लेकीला सांगितलं. तिनं आरपार दिसणारा डबा आणला, वर मराठीत मोठ्या अक्षरात आत काय आहे ते लिहिलं, आणि एक कागदही केला. त्यात खेळ काय, माणसं कुठून येणार, कचरा कसा उचलून नेणार, सगळं होतं.

तिसऱ्या खेपेला मी बरोबर सुकेळी नेली. आमच्याकडची राजेळी केळी उन्हात सुकवून बांधलेली. माझी समजूत अशी की रिकाम्या हातानं ऑफिसात जाऊ नये. साहेबांनी पुडा उघडून वास घेतला, परत बांधला आणि माझ्यापुढे सरकवला.

"अर्ज ठेवून जा काका. केळी घेऊन जा."

माझे कान तापले. तेव्हा मला वाटलं होतं, ह्याच्यापुढे अपमान तो काय असतो.

पण परवानगी मिळाली. शिक्का मारलेला कागद, वर सात अटी. खणायचं नाही, झाडाला खिळा मारायचा नाही, रंग लावायचा नाही, कसलीही खूण करायची नाही, खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, वर्षानं परवानगी पुन्हा घ्यायची. आणि सातवी, डबा ठेवताना तिथला एक माणूस हजर पाहिजे आणि नंतरही त्यानं जागेवर लक्ष ठेवायचं. त्याची सही हवी. साहेबांनी विचारलं, "आहे का कुणी ओळखीचं?" मी ऐटीत म्हटलं, "आहे की."

ओळखीचा म्हणजे डोंगराखालच्या पाड्यावरचा एक आदिवासी. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. केळीच्या लोंगराला टेकू द्यायला बांबू लागतात, ते पूर्वी तो आमच्या वाडीत आणून द्यायचा. बोलायला कमी. पाड्याच्या वर जंगलाच्या कडेला त्याच्या बापापासून कसत आलेला नाचणी-वरीचा तुकडा होता. ते त्याला प्लॉट म्हणतात. त्याच साली नवा कायदा आला होता, असा तुकडा कसणाऱ्याच्या नावावर होणार होता. त्याचा दावा दाखल होता, आणि त्यावर जंगलखात्याचा शेरा व्हायचा होता तो ह्याच साहेबांचा.

मी कागद पुढे केला तेव्हा त्यानं पेन धरलं आणि थांबला.

"शेट, सही करू म्हनता? माझा प्लॉटचा कागद त्याच सायबाकडं हाय. मधी काय लफडं नको."

"अरे, लफडं कसलं? वही-पेन्सिल आहे. आणि मी आहे ना."

त्यानं सही केली. तीन अक्षरं, सावकाश.

रविवारी आम्ही तिघं चढलो. लेकीनं खडकाच्या मागं एका कपारीत डबा सरकवला, पुढं दोन सुटे दगड लावले, यंत्रावरून आकडे टिपले. झालं म्हणाली. मी पिशवीतून नारळ काढला.

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? नवं काम आहे."

आमच्या वाडीत विहिरीवर नवी मोटार बसवली तरी काठावरच्या एका दगडाला शेंदूर लागतो आणि नारळ फुटतो. तसं केल्याशिवाय बटन दाबायचं नाही, हे माझ्या आजापासूनचं. लेकीला ते ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "अटी वाचल्या ना? खूण नाही, रंग नाही, खायचं नाही."

"नारळ म्हणजे खायची वस्तू?"

"मग काय पिठलं करता त्याचं? बाबा, ठेवा तो आत. माझ्या नावावर परवानगी आहे."

पाड्यावरचा माणूस दुसरीकडे बघत हसला. तेच मला लागलं. तीन खेपा मी घातल्या, साहेबांचं बोलणं मी ऐकलं, आणि नाव हिचं. मी नारळ पिशवीत टाकला. उतरताना दोघांच्या पुढं चालत राहिलो.

चार दिवसांनी वाडीतलं काम उरकून मी एकटाच परत गेलो. घरी सांगितलं, राजोडीला व्याह्यांकडे जातो. बायकोनं विचारलं, व्याह्यांकडे जाताना डबीत शेंदूर कशाला? मी म्हटलं, त्यांनी मागितलाय. खडकामागं कपारीच्या पुढं हातभर उंचीचा एक दगड होता. त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावला, नीट, दोन बोटांनी. दोन टिकल्या डोळ्यांसारख्या ठेवल्या, कारण आमच्याकडे तसं करतात. नारळ फोडला, अर्धा तिथं ठेवला. उतरताना फार बरं वाटलं. कागदावर काही का असेना, काम आता रीतसर झालं, असं मनात आलं.

आता खरं सांगतो. त्यात देवाचा भाग चार आणे होता. बाकी सगळं, माझं कोण ऐकत नाही बघतो, एवढंच.

लोक यायला लागले. लेक फोन करून सांगे, आज पुण्याचे दोघं येऊन गेले, बेंगळुरूची एक बाई येऊन गेली. पावसात कुणी फिरकलं नाही. नवरात्र झालं आणि ठाण्याच्या कुणीतरी डबा शोधून इंटरनेटवर लिहिलं की खडकामागच्या छोट्या देवळाजवळ डबा मिळाला, जागा फार शांत आहे. बरोबर फोटो. लेक शनिवारी तो फोटो छापून घेऊन घरी आली.

मी बघितला. माझा दगड शेंदरानं पुरता माखला होता. त्याला विटांचा ओटा, सिमेंटचा. बांबूला भगवा झेंडा. एक घंटा. पुढची जागा साफ केलेली, आणि साफ करताना दोन कोवळी झाडं बुंध्यातून तोडलेली. खालच्या गोडाऊनमधली माणसं सुट्टीच्या दिवशी वर फिरायला जात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी दगड बघितला, हात जोडले, कुणी झेंडा आणला, कुणी विटा. त्यांचा काय दोष? दगडाला डोळे मी दिले होते.

"बाबा," लेक म्हणाली, "तुम्ही परत गेला होता का तिथं?"

"मी कशाला जातोय?"

बायको ताट वाढत होती. तिचा हात थांबला. मग तिनं आमटी वाढली आणि आत गेली. लेकीनं माझ्याकडं बघितलं आणि मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला. बाप खोटं बोलत नाही, हे तिला लहानपणापासून मीच सांगत आलो होतो.

पुढच्या आठवड्यात साहेबांचं बोलावणं आलं. लेकीला रजा नव्हती, मी गेलो. पाड्यावरचा तो आधीच येऊन उभा होता. मला खुर्ची मिळाली, त्याला कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं.

साहेबांच्या टेबलावर तोच फोटो, इंटरनेटवरून काढलेला.

"सहा महिन्यांत राखीव जंगलात देऊळ," ते त्याला म्हणाले. "तू सही केली होतीस ना लक्ष ठेवायची?"

"पावसात वर गेलो नाय सायेब. मंग गेलो तवा झेंडा व्हता. मी सांगितला त्या मानसांना, हितं करू नका. आयकला नाय."

"सुरुवात कुणी केली?"

त्यानं फोटोकडं बघितलं.

"तुझ्या प्लॉटपासून ही जागा किती लांब? एक हाक मारली तर ऐकू येईल. आज देव, उद्या देवाची वाट, परवा देवाच्या भोवतीचं शेत. मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

"सायेब, आमचे देव ठरल्याले असतात. नवा कोन करीत नाय. आनि आमचे देवाला डोले असे नसतात." एवढं बोलून त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. जसं गाडीची वाट बघताना माणूस रस्त्याकडं बघतो, तसं.

साहेब माझ्याकडं वळले. "काका, तुम्ही इथले जुने वाडीवाले. तीन-तीन वेळा परवानगीसाठी आलात. तुम्ही खोटं बोलणार नाही. तुम्हाला काय वाटतं, कुणी केलं असेल हे?"

आता बोलायचं होतं. चार शब्दांचं काम. साहेब, तो शेंदूर मी लावला. पण मला समोर सुकेळ्यांचा तो पुडा दिसला, लेकीचं मान डोलावणं दिसलं, आणि ह्या माणसासमोर मी कान धरायचे काय, असं मनात आलं. हो, तेही आलं. लपवत नाही.

मी म्हणालो, "ह्या लोकांचं काय सांगावं साहेब."

एवढंच म्हणालो. ह्या लोकांचं. तीस वर्षं ज्यानं माझ्या केळी उभ्या ठेवल्या, त्याला मी असं म्हणालो, तो हातभर अंतरावर उभा असताना.

साहेबांनी मान हलवली. "ठीक आहे. मी उद्या दाव्यावर शेरा लिहून पुढं पाठवतो. मग वरचे बघतील. आणि काका, तुमचा तो डबा काढून न्या. परवानगी रद्द."

शेरा म्हणजे काय ते तिथं तिघांनाही कळत होतं. अतिक्रमण केलं असं एकदा कागदावर चढलं की त्या तुकड्याचं नाव काढायला नको.

बाहेर आलो. मी एसटीच्या थांब्याकडे भरभर निघालो होतो. तो मागून आला, घाईनं नाही.

"शेट."

थांबलो.

"तुमी त्या दिशी एसटीतून उतरला, तवा मी रस्त्याच्या कडंला गवत कापीत व्हतो. हाक मारली. तुमी वलला नाय. पिशवीत नारल व्हता, दिसला मला."

माझ्या तोंडून नको तेच निघालं. "मग आत बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तर सायबानं मानला असता?" तो म्हणाला. "तुमी बोलाल म्हनून थांबलो."

शिवी दिली असती तरी चाललं असतं. गळा धरला असता तरी. तो खांद्यावरचा टॉवेल झटकून पाड्याच्या वाटेला लागला. मी एसटीत बसलो. कंडक्टरनं दोनदा विचारलं, कुठं?

संध्याकाळी लेक कामावरून सरळ आमच्याकडे आली. "काय म्हणाले साहेब?"

"मिटलं," मी म्हटलं. "डबा काढून न्यायला सांगितलाय."

"आणि त्या काकांना काही बोलले नाहीत ना? त्यांचा दावा आहे म्हणून मला काळजी होती."

"नाही."

"बरं झालं बाबा तुम्ही गेलात. तुमच्या शब्दाला मान आहे तिथं." ती उठून हातपाय धुवायला गेली. बायको दारात उभी होती. तिनं शेंदराच्या डबीचं नाव काढलं नाही. म्हणाली, "जेवणार ना?" मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटलंच."

मला बरेच जण मानी म्हणतात. मला ते आवडायचं. मान म्हणजे काय, तर आपण खाली बघायचं नाही. त्यासाठी दुसऱ्याला खाली ढकललं तरी चालतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शिकलो. त्या रात्री झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. लागली. जाग आल्यावर ते जास्तच वाईट वाटलं.

सकाळी वाडीला पाणी न सोडता पहिल्या एसटीनं निघालो. आधी पाड्यावर गेलो. तो अंगणात राखुंडीनं दात घासत होता. त्याची बायको मला बघून आत गेली, दार ओढून घेतलं. मी म्हटलं, "चल. साहेबांना सांगतो. तुझ्यासमोर सांगतो."

त्यानं चूळ भरली.

"मी काल व्हतो की थितं," तो म्हणाला. "आज तुमी जा."

बस म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. बरोबर केलं.

ऑफिस उघडायला तासभर होता. पायरीवर बसलो. एकेक करून माणसं आली, बाकावर बसली. दोघं त्याच पाड्यावरचे होते, दाव्याच्याच कामाला आलेले. कुणी ओळख दिली नाही. साहेब आले तसे मी कुणाचा नंबर न बघता त्यांच्या मागोमाग आत शिरलो आणि टेबलासमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "काका, आज परत?" मागून शिपाई आला, खासगी बोलणं असेल तर दार लोटून घेऊ का म्हणाला. बाकावरचे सगळे आत बघत होते.

"उघडंच राहू दे," मी म्हटलं. आणि बाहेरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांना सांगितलं.